दसऱ्याला जुनी गाडी शेडमधून काढण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ सरली, पाऊस ओसरू लागला आणि दसरा तोंडावर आला की मिरगापासून झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या गोव्यातल्या शेडमधून बाहेर निघतात. त्यांत काही एमजीबी, एमजीए, ट्रायम्फ स्पिटफायर, ऑस्टिन-हीली स्प्राइट अशा ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्याही असतात. गाडी धुवायची, हळदकुंकू लावायचे, जाळीवर झेंडूची माळ बांधायची आणि किल्ली फिरवून गावात एक फेरी मारायची असा बेत असतो. हे पत्र त्या किल्लीविषयी आहे. साडेतीन-चार महिने दमट हवेत उभी राहिलेली गाडी थेट स्टार्टर मारून सुरू केली तर पहिल्या अर्ध्या मिनिटात तिचे जे नुकसान होते, ते पुढे हजारो रुपये खर्चूनही सहज भरून येत नाही. दोन दिवस आधी कामाला लागले तर ते पूर्ण टाळता येते.

चार महिन्यांत सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल निथळून खाली गेलेले असते. दमट हवेने तिथे गंजाचा पातळ थर धरतो आणि पिस्टनच्या रिंगा त्यावर चिकटतात. म्हणून आधी चारही स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण पाच मिलिलिटर, साधे इंजिन ऑइल सोडावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी प्लग बाहेरच ठेवून गाडी चौथ्या गियरमध्ये टाकावी आणि दोघांनी मिळून हळूच पुढे-मागे ढकलावी. इंजिन मोकळे फिरले तर उत्तम. अडले तर जोर लावू नये, आणखी तेल सोडून आणखी एक रात्र थांबावे. मग गियर न्यूट्रलला आणून, प्लग न लावता आणि कॉइलची वायर काढून, स्टार्टर दहा-दहा सेकंद मारावा, मध्ये अर्धा मिनिट विसावा द्यावा. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर भार येत नाही आणि ऑइल पंप इंजिनातल्या तेलाच्या वाटा भरत जातो. डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा हलला की मगच प्लग लावावेत. एमजीबीचे इंजिन तापल्यावर चालत्या गाडीत हा काटा चौरस इंचाला ५० ते ८० पौंडांच्या मध्ये आणि आयडलला १० ते २५ च्या मध्ये असावा. इंजिन सुरू होऊनही काटा शून्यावरच राहिला तर तात्काळ बंद करावे.

प्लग बाहेर आहेतच तर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची, फटही पाहून घ्यावी. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनात थंड असताना टॅपेटची फट १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) असते आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची १४ ते १६ थाऊ, त्यामुळे फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पात्यांतली, एकच पाती दोन्ही कामांना पुरते. प्लगसाठी २५ थाऊची पाती घ्यावी. टॅपेटचा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल त्याचा क्रमांक नऊमधून वजा करायचा. आठवा उघडा असेल तर पहिला सेट करायचा, सहावा उघडा असेल तर तिसरा. एग्झॉस्ट व्हॉल्व्हची फट दर वेळी कमीच होत चाललेली दिसली तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चालला आहे असे समजावे. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी घडवलेली होती आणि देशात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते. सिलिंडर हेड पुढच्या वेळी उघडेल तेव्हा एग्झॉस्टला कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. फक्त त्याच कारणासाठी चांगले चालणारे इंजिन उघडण्याची घाई करू नये.

पावसाळ्यात क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते हेही गोव्यात नेहमीचे. पेडल दाबूनही गियर पडत नाही, करकर आवाज येतो, आणि गिअरबॉक्स गेला असे निदान होते. गिअरबॉक्स बहुधा धडधाकट असतो. पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाची दांडी अडकवून एक-दोन दिवस ठेवले तर पुष्कळदा प्लेट आपोआप सुटते. पुढच्या जूनमध्ये गाडी झाकतानाच ही दांडी लावून ठेवली तर प्रश्नच उरत नाही. हँडब्रेकचे मात्र उलट आहे. तो ओढून ठेवला तर मागच्या ड्रममध्ये लायनर चिकटून बसतात. तो सोडून चाकांना लाकडाचे ठोकळे लावावेत. चिकटलेच असतील तर ड्रमच्या कडेवर लाकडी हातोडीने गोल फिरत टकटक करावे, इंजिनाच्या जोराने ओढू नये, लायनर उखडून हातात येतात.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. कोरड्या मुलखात ते दोन वर्षांनी बदलतात, आपल्याकडे दर वर्षी पावसानंतर बदललेले बरे. पाणी मिसळलेले ऑइल चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या उतारावर ब्रेक तापले की उकळते. पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकते. त्याच पाण्याने व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडतात आणि मग नवे रबरसुद्धा गळते. एमजीबीत क्लचलाही हेच ऑइल लागते हे विसरू नये.

पेट्रोलविषयी सगळ्यात जास्त सांगायला हवे. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाडीवाल्यांमध्ये ऑक्टेनची चर्चा फार होते, पण ऑक्टेनची अडचण नाहीच, इथेनॉलने ते वाढते. अडचण तीन ठिकाणी आहे.

पहिली रबराची. जुन्या प्रकारचे पेट्रोलचे पाइप इथेनॉलने आतून फुगतात, मऊ पडतात, नंतर वाळून तडकतात. एमजीबीत दोन्ही कार्बोरेटर आणि एग्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत, कार्बोरेटर वर आणि तापलेला मॅनिफोल्ड त्याच्या बरोबर खाली. पाइपमधून ठिबकलेला थेंब कुठे पडेल हे सांगायला नको. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा रबराचा प्रत्येक तुकडा बदलावा आणि घेताना पाइपवर 'एसएई जे३०आर९' अशी छाप पाहावी. त्याचे आतले अस्तर इथेनॉलला टिकते. पाइप दुकानात नेऊन व्यास मोजूनच घ्यावा. सैल पाइप क्लिपने आवळून भागवू नये. एमजी टीसी किंवा एमजीए यांच्यातल्या जुन्या धाटणीच्या एसयू कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या नळीच्या) बुडाशी बुचाचे पॅकिंग असते. गाडी उभी राहिली की ते सुकून आकसते आणि खालून गळायला लागते. त्याच्या जागी व्हायटन या इंधनाला टिकणाऱ्या रबराचे पॅकिंग मिळते. टाकीला पूर्वी आतून लावलेले सीलर इथेनॉलमध्ये विरघळून डिंकासारखे जेटमध्ये अडकते, तेव्हा टाकीची जुनी डागडुजी झालेली असेल तर आधी ती तपासावी.

दुसरी अडचण पाण्याची. इथेनॉल हवेतली वाफ ओढते, आणि जुलैतल्या गोव्याच्या हवेत वाफेला तोटा नाही. प्रमाणाबाहेर पाणी मिसळले की इथेनॉल आणि पाणी यांचा थर पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाला बसतो, आणि पंप नेमका तिथूनच ओढतो. जूनपासूनचे पेट्रोल दसऱ्याला जाळू नये. पारदर्शक काचेच्या बरणीत लिटरभर काढून अर्धा तास ठेवावे. तळाला वेगळा थर दिसला किंवा रोगणासारखा आंबूस वास आला तर टाकी पूर्ण रिकामी करावी. गाडी झाकण्याआधी पंपाची वायर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले तर कार्बोरेटर कोरडे राहतात.

तिसरी अडचण मिश्रणाची. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात, या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. जेट तेच ठेवले तर मिश्रण सातआठ टक्क्यांनी पातळ पडते. इंजिन तापते, आयडलला थरथरते, पिकअपला अडखळते, आणि दोष रेडिएटरला दिला जातो. एसयू कार्बोरेटरमध्ये खालचा नट खाली फिरवला की मिश्रण जाड होते. मुळात जेट वर कार्बोरेटरमधल्या पुलाच्या (पिस्टनखालच्या सपाट भागाच्या) पातळीला आणून नट बारा कडा, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली आणायचा, ही पायरी. तिथून पुढे एकेक कडा. इंजिन तापलेले असताना कार्बोरेटरचा पिस्टन खालच्या पिनने जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलून पाहावा. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड आहे, इंजिन विझू लागले तर पातळ, किंचित वाढून पुन्हा स्थिरावले तर बरोबर. दोन्ही कार्बोरेटरना सारखेच फिरवावे. नटाने मुख्यतः आयडल सुधारते. मोकळ्या रस्त्यावर दहा किलोमीटर चालवून प्लग पांढरेफटक निघाले तर मिश्रण एक पायरी जाड करणारी सुई घालावी लागते. डॅशपॉटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या वरच्या नळीत, तेल २० ग्रेडचे घालावे. टोपी परत बसवताना आटे लागायला सहा मिलिमीटर उरले असता प्लंजरला अडथळा जाणवला म्हणजे तेल पुरेसे आहे. ते कमी असेल तर अॅक्सिलरेटर दाबताच गाडी खोकते.

आता धुण्याकडे. प्रेशरच्या पाण्याचा फवारा बॉनेटखाली मारू नये. पाणी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत शिरते आणि पूजेच्या दिवशीच गाडी सुरू होत नाही. झालेच तर टोपी उघडून आतून कोरड्या सुती फडक्याने पुसावी आणि पॉइंटवर चढलेला करडा थर जाड कोऱ्या कागदाची पट्टी ओढून काढावा. झेंडूची माळ फोटो झाल्यावर जाळीवरून काढून ठेवावी. रेडिएटरपुढे फुलांची भिंत ठेवून पर्वरीच्या कोंडीत उभे राहणे या गाड्यांना सोसत नाही. इंजिन नेहमीच तापत असेल तर ८२ ऐवजी ७४ अंशांचा थर्मोस्टॅट उष्ण मुलखासाठी मुळातच ठरवून दिलेला आहे. थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची पद्धत मात्र चुकीची, इंजिनाचे तापमान स्थिर राहत नाही. विहिरीचे पाणी घालू नये, डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळूनच घालावे.

या गाड्यांतल्या ल्युकस कंपनीच्या वायरिंगची बदनामी फार झाली आहे. तिच्यातले बहुतेक दोष हे गंजलेल्या जोडांचे दोष असतात. प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर सांगाड्याला जिथे लागते तिथला स्क्रू काढून, धातू चमकेपर्यंत घासून, व्हॅसलिनचा हात फिरवून परत बसवला तर अर्धे दिवे आपोआप उजळतात. रंगांची भाषा शिकून घ्यावी. तपकिरी वायर थेट बॅटरीची, तिच्यात फ्यूज नाही. पांढरी किल्लीनंतरची, तिलाही फ्यूज नाही. हिरवी किल्लीनंतरची फ्यूजवाली, जांभळी कायम चालू पण फ्यूजवाली, काळी अर्थिंगची. तपकिरी किंवा पांढऱ्या वायरीवर हॉर्न, पंखा, चार्जर असे काही जोडू नये. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीची प्लस बाजू सांगाड्याला जोडलेली असते, हे न पाहता आजचा स्टिरिओ किंवा मोबाइल चार्जर लावला तर तो तिथेच जळतो.

एक सूक्ष्म गोष्ट इथे नीट सांगितली पाहिजे. ल्युकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेले असते. तो आकडा फ्यूज उडण्याचा आहे. सतत वाहायला तो १७ अँपिअरच्या आसपासच चालतो. आपल्या बाजारातल्या तसल्याच दिसणाऱ्या फ्यूजवर ३५ लिहिलेले असेल तर तो ३५ अँपिअर सतत वाहू देतो आणि त्याहून वर गेल्यावर उडतो. दोन्ही एकाच खाचेत बसतात. दुसरा बसवला तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. स्थानिक फ्यूज घ्यायचा असेल तर १५ किंवा फार तर २० चा घ्यावा.

पान्यांचेही असेच. एमजीबीवर मिलिमीटरचे पाने चालत नाहीत. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटरचा, त्याला १३ चा पाना लागतो असे वाटते, पण उरलेल्या सैलपणात नटाच्या कडा गोल होतात. बोल्टचे त्याहून वाईट. पाच-सोळांश इंचाचा यूएनएफ (बारीक इंची आट्यांचा) बोल्ट हा जवळजवळ आठ मिलिमीटरचा दिसतो, पण त्याला इंचाला २४ आटे असतात आणि आठच्या मिलिमीटर बोल्टला साधारण वीस. दोन फेरे हाताने जातो, मग घट्ट होतो, आणि पुढे पाना लावला की भोकातले आटेच कापले जातात. जो बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत जात नाही तो त्या भोकाचा नाही. एमजी टीसीच्या इंजिनात तर आटे मिलिमीटरचे आणि डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याची असा मिलाफ आहे, तिथे दोन्ही संच हाताशी लागतात. तारेच्या चाकांच्या मधल्या नटावर सोडण्याच्या दिशेचा बाण असतो. डाव्या-उजव्या बाजूचे आटे वेगळे आहेत आणि हबची अदलाबदल झाली तर चाक चालता चालता सुटते. हबच्या दात्यांना दर पावसाळ्यानंतर ग्रीस द्यावे. ब्रेक मारताना आणि रिव्हर्स घेताना चाकातून 'टक्' असा आवाज आला तर दाते झिजले आहेत.

राहता राहिला गंज, आणि खरे तर या गाड्या गंजानेच जातात, इंजिनाने नव्हे. एमजीबीला वेगळी चेसिस नाही. तिचा सगळा भार दरवाजाखालच्या सिलवर आहे, आणि उघड्या टपाच्या गाडीत तो सावरायला वरचे छप्परही नाही. सिल तीन पत्र्यांची असते. बाहेरचा दिसतो, आतले दोन दिसत नाहीत. तांबडी धूळ भोकांतून आत जाते, पावसात भिजून तिचा चिखल होतो, पाणी निथळायची भोके बुजतात आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग झकास दिसतो. पारख अशी करावी: दरवाजा लावून त्याच्या मागच्या कडेची फट वर-खाली पाहावी, मग गाडी जॅकवर उचलावी. उचलल्यावर वरची फट मिटत गेली किंवा दरवाजा उघडेनासा झाला तर सिल संपली आहे, वरून रंग काही का सांगेना. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सिलवरून फिरवावे, जिथे पकड सुटते तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

कुजलेल्या सिलवर नवी पट्टी रिव्हेट करून वर लांबी भरण्याचे काम कोणीही स्वस्तात करून देईल. ते घेऊ नये. तिन्ही पत्रे कापून नवे वेल्ड करावे लागतात. ते करताना गाडी चाकांवर उभी हवी, लटकलेली नको. दरवाजाच्या चौकटीत लोखंडी आडवे टेकू आधीच वेल्ड करावेत, एका वेळी एकच बाजू उघडावी आणि दर टप्प्याला दरवाजा लावून फट पाहावी. नाहीतर गाडी मध्ये वाकते आणि दरवाजा पुन्हा कधीच नीट बसत नाही. पत्रे मिळतात. एमजीबीचा अख्खा सांगाडासुद्धा १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्या साच्यांवरून पुन्हा काढायला घेतला. मेणाचे गंजरोधक सिलमध्ये आणि दरवाजात सोडायचे तर ते आता नव्हे, जानेवारीत, गाडी आठवडाभर उन्हात चांगली वाळल्यावर. ओल्या पत्र्यावर मेण बसले तर गंज आतच कोंडला जातो. सगळ्या गाडीला चार-पाच लिटर लागते. जळके इंजिन ऑइल फवारू नये, ते रबराची वाट लावते. मोरजी, मिरामार, कोलवा अशा किनारी रस्त्यांवरून आल्यावर त्याच संध्याकाळी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. झाकायला प्लास्टिकची ताडपत्री नको, सुती कापड हवे. ताडपत्रीखाली रात्रीचा दमटपणा थेंब होऊन पत्र्यावरच बसतो. एमजी टीसी किंवा मॉर्गनसारख्या गाड्यांचा अंगाचा सांगाडा अॅश लाकडाचा असतो. त्यांना गंजापेक्षा वाळवीची भीती मोठी. त्या मातीच्या जमिनीवर उभ्या करूच नयेत.

शेवटी एक विनंती वाहतूक खात्याला. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, आणि अर्ज दिल्यापासून ६० दिवसांत नोंदणीपत्र मिळावे अशी तरतूद आहे. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. ज्यांच्याकडे 'जीडी'ने सुरू होणारे घटकराज्यापूर्वीचे क्रमांक आहेत त्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे. नियम सांगतो की अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर येईल. हे रास्तच आहे. पण वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक बिघाडाची सुरुवात उभ्या राहण्यातून होते. क्लच चिकटू नये, ब्रेक जाम होऊ नयेत, सायलेन्सरमधले पाणी जळून जावे यासाठी पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी वीस-पंचवीस किलोमीटर गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवणे हीच या गाड्यांची देखभाल आहे. नुसते आयडलला पाच मिनिटे ठेवून ती होत नाही, उलट ऑइलमध्ये पाणी साठते. तेव्हा अशी फेरी 'देखभाल' या शब्दात बसते, असे परिपत्रक खात्याने काढावे आणि ते रस्त्यावरच्या पोलिसांपर्यंत पोहोचवावे. फेरीची तारीख आणि किलोमीटर यांची वही गाडीत ठेवायला मालकांची हरकत नसेल.

दुसरी विनंती राज्यातल्या आयटीआयना. मोटर मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला जोडून कार्बोरेटर, पॉइंट इग्निशन आणि इंची आटे यांचा पंधरा दिवसांचा वर्ग दिवाळीनंतर घेता येईल. ज्या मेस्तांना हे काम हातचे येते ते आता वयस्क झाले आहेत आणि शिकवायला तयार होतील. कार्बोरेटर खोलायला मुलांना जुनी मारुती ८०० किंवा अँबॅसिडरही पुरेल.

आपले,
जुन्या गाड्यांची देखभाल करणारे काही वाचक,
फोंडा